पुन्हा पुन्हा येणारी ओल: फ्लॅटमधील बाष्प आणि वायुवीजन यांतील दोष कसा शोधावा

शयनगृहाच्या बाहेरच्या भिंतीचा वरचा कोपरा काळा पडतो, तो पुसून काढला जातो, त्यावर बुरशीरोधक रंगाचे दोन हात दिले जातात आणि पुढच्या वर्षी थंडी पडली की नेमका तोच कोपरा पुन्हा काळा पडतो. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ उतरतात, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर पांढुरकी बुरशी धरते आणि बाहेरून आलेल्या माणसालाच कुबट वास जाणवतो, कारण घरात राहणाऱ्यांच्या नाकाला तो एव्हाना सरावाचा झालेला असतो. आमच्या घरी हे चक्र तीन वर्षे चालले. त्या काळात मी दोनदा भिंत रंगवली, एकदा गिलावा खरवडून नवा केला, आणि आर्द्रता मोजण्याचे लहानसे उपकरण मात्र सर्वांत शेवटी आणले. माझा क्रम उलटा होता. पाणी कुठून येते ते आधी ठरवायचे, मग मोजायचे, मग हवेची वाट मोकळी करायची आणि रंगाला हात घालायचा तो भिंत कोरडी राहते याची खात्री पटल्यावरच, हा सरळ क्रम पुढे मांडला आहे.

ओल कोणत्या जातीची आहे

भिंत ओली दिसली की खिडक्या उघडण्याचा सल्ला मिळतो, पण तो सल्ला हवेतल्या बाष्पाने येणाऱ्या ओलीलाच लागू पडतो. बाहेरच्या भेगेतून किंवा वरच्या मजल्यावरच्या नळातून पाणी झिरपत असेल, तर कितीही हवा खेळवली तरी डाग जाणार नाही. झिरप्याचा डाग सहसा एका ठिकाणी गोळा होतो, त्याची कड पिवळसर तपकिरी असते आणि तो पावसानंतर किंवा वरच्या घरातील पाण्याच्या वापरानुसार वाढतो. तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या भागात, साधारण १ मीटरपर्यंत दिसते. तिथे लोणा फुटतो आणि रंगाचे पोपडे निघतात. बाष्पाची ओल यांहून वेगळी असते. ती छत आणि बाहेरची भिंत मिळतात त्या कोपऱ्यात, काँक्रीटच्या तुळईवर, खिडकीच्या चौकटीभोवती आणि कपाटामागे, म्हणजे जिथे पृष्ठभाग थंड असतो आणि हवा हलत नाही अशा जागी धरते, आणि तिच्यासोबत पिवळी कड न येता काळ्या ठिपक्यांची बुरशी येते.

शंका राहिली तर एक सोपी चाचणी करता येते. संशयित जागा कोरडी पुसून तिथे साधारण ३० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर थेंब जमले, तर पाणी खोलीतल्या हवेतून आले आहे. फॉइल काढल्यावर तिची भिंतीकडची बाजू ओली निघाली, तर पाणी भिंतीतून येते आहे. दोन्ही बाजू ओल्या निघणेही शक्य असते, कारण झिरपणारी भिंत खोलीत बाष्प सोडते आणि तेच बाष्प दुसऱ्या एखाद्या थंड कोपऱ्यात पाणी होऊन बसते. अशा वेळी गळती आधी थांबवावी लागते. इमारत नवी असेल, तर काँक्रीट आणि गिलाव्यात राहिलेले बांधकामाचे पाणी पहिले वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, बाहेर पडत असते हेही ध्यानात ठेवावे.

मोजल्याशिवाय काहीच कळत नाही

आर्द्रतामापकावर जो टक्का दिसतो तो सापेक्ष आर्द्रतेचा असतो, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढे बाष्प पेलू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे हे तो सांगतो. हवेची ही पेलण्याची ताकद तापमानाबरोबर झपाट्याने बदलते. १० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम, २० अंशांना १७.३ ग्रॅम आणि ३० अंशांना ३०.४ ग्रॅम बाष्प मावते. म्हणूनच खोलीतली ऊबदार हवा थंड काचेला टेकली की तिची ताकद कमी पडते आणि उरलेले बाष्प थेंब होऊन काचेवर बसते. ज्या तापमानाला हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात.

खोलीत २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे १३ अंश येतो. मात्र भिंतीवर थेंब दिसत नाहीत म्हणून ती सुरक्षित आहे असे समजणे ही माझी सर्वांत मोठी चूक होती. बुरशीला वाहते पाणी लागत नाही. पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचे भागते. वरच्याच उदाहरणात भिंतीचा कोपरा १७ अंशांच्या थोडा खाली उतरला की ही स्थिती येते, म्हणजे थेंब दिसू लागण्याच्या साडेतीन अंश आधीच बुरशीचे काम सुरू झालेले असते.

स्वस्त मापकांच्या आकड्यात चूक असू शकते, म्हणून वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी त्यात घालावे, हे झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवावे. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल, तर तो साधारण ५ टक्के कमी दाखवतो असे धरून चालावे. नंतर तो मापक खिडकीपासून दूर, पलंगाच्या उंचीवर ठेवावा आणि आठवडाभर सकाळी उठल्या उठल्या, आंघोळीनंतर व झोपण्यापूर्वी आकडे टिपून ठेवावेत. थंडीच्या दिवसांत दिवसाचा बराच काळ आकडा ६० च्या वर राहत असेल, तर वायुवीजन अपुरे आहे. आकडा ५० च्या आसपास असूनही एखादाच कोपरा काळा होत असेल, तर दोष हवेपेक्षा त्या थंड कोपऱ्यात आहे.

खिडकी केव्हा उघडावी आणि केव्हा बंद ठेवावी

बाहेर गारठा आहे, धुके आहे आणि आर्द्रता ९० टक्के दाखवते आहे. अशा दिवशी खिडकी उघडली तर घर आणखी दमट होईल असे बहुतेकांना वाटते. हिशेब मात्र उलट निघतो. ५ अंश तापमानाच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत प्रति घनमीटर जेमतेम ६ ग्रॅम बाष्प असते, तर २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत ते ११ ग्रॅमांहून अधिक असते. म्हणजे बदलल्या गेलेल्या प्रत्येक घनमीटर हवेबरोबर सुमारे ५ ग्रॅम पाणी घराबाहेर जाते, आणि आत आलेली हवा २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास येते.

उकाड्याच्या पावसाळी दिवशी हाच हिशेब अंगाशी येतो. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर प्रति घनमीटर २३ ग्रॅम बाष्प असते. आत २६ अंश आणि ७० टक्के असेल, तर १७ ग्रॅम. अशा वेळी दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवणे म्हणजे पाणी घरात ओढून आणणे होय. या बाहेरच्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो, आणि तळमजल्याची फरशी किंवा एसीने गार झालेली भिंत त्याहून थंड असली की तिला घाम फुटतो. अशा दिवसांत आंघोळ आणि स्वयंपाक यांपुरते हवा बाहेर टाकणारे पंखे (एक्झॉस्ट फॅन) चालवावेत आणि मोठ्या खिडक्या मर्यादेतच उघडाव्यात. यातून नियम एवढाच निघतो की आतल्या आणि बाहेरच्या टक्क्यांची तुलना करू नये, दवबिंदूंची करावी; हवामानाच्या अनेक अंदाजांत बाहेरचा दवबिंदू दिलेला असतो आणि आतला मापकाच्या दोन आकड्यांवरून, म्हणजे तापमान आणि आर्द्रता यांवरून, काढता येतो. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच खिडकी घर वाळवते.

थंडीत खिडकी दिवसभर बोटभर किलकिली ठेवण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे पूर्ण उघडणे मला अधिक योग्य वाटते. तेवढ्या वेळात खोलीतली हवा बदलते, पण भिंती आणि सामान यांत साठलेली उष्णता फारशी जात नाही. याउलट तासन्‌तास किलकिली राहिलेली खिडकी आपल्याच चौकटीभोवतीची भिंत गार करते आणि बुरशीला तिथे नवी जागा करून देते.

हवा बाहेर जाते, पण आत कुठून येते

माझ्या मते बहुतेक फ्लॅटमधला खरा दोष इथेच असतो. पंखा हवा बाहेर फेकतो हे सर्वांना दिसते, पण जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत यावी लागते, आणि ती येण्याची वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करत फिरत राहतो. तपासण्यासाठी टिश्यू पेपरचा एक पदर पंख्याच्या जाळीला लावून सोडावा. बाथरूमचे दार उघडे असताना कागद जाळीला चिकटून राहतो आणि दार बंद केल्यावर गळून पडतो, असे झाले तर पंखा ठीक आहे, वाट बंद आहे. दार उघडे असतानाही कागद पडत असेल, तर पात्यांवरची धूळ, अडकलेली झडप किंवा चेपलेली नळी यांकडे पाहावे. आमच्याकडे मी आधी अधिक ताकदीचा पंखा आणून बसवला आणि काहीच फरक पडला नाही, कारण आवाज येऊ नये म्हणून दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी मीच लावून ठेवली होती. ती काढल्यावर जुना पंखाही पुरला असता.

दाराखाली निदान १ सेंटीमीटर, शक्यतो थोडी अधिक फट असावी, किंवा दाराच्या खालच्या भागात जाळी बसवावी. खिडकीच्या चौकटीत हवेसाठी ठेवलेल्या बारीक झडपा रंगाने किंवा चिकटपट्टीने बुजल्या आहेत का तेही पाहावे. हवेचा प्रवास खोल्यांकडून बाथरूम आणि स्वयंपाकघराकडे व्हावा आणि तिथून ती बाहेर पडावी. म्हणून पंखा चालू असताना बाथरूमचीच खिडकी उघडली तर हवा तिथल्या तिथे फिरते आणि शयनगृहाला काही उपयोग होत नाही.

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. घरातलीच हवा घेऊन जळणारा गॅस गीझर किंवा हीटर असेल, तर हवा आत येण्याची वाट नसताना लावलेला जोरकस पंखा त्याचा धूर धुराड्यातून उलटा घरात ओढू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. अशा घरात पंखा वाढवण्यापूर्वी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, आणि अशा उपकरणासाठी ठेवलेले हवेचे छिद्र कधीही बुजवू नये.

ज्या फ्लॅटच्या सर्व खिडक्या एकाच बाजूला आहेत, तिथे आरपार वारा मिळत नाही. तरीही आतली ऊबदार हवा वरून बाहेर पडते आणि गार हवा खालून येते, म्हणून उंच खिडकी पूर्ण उघडणे किंवा वरचे व खालचे तावदान एकाच वेळी उघडणे उपयोगी पडते. एका खिडकीपाशी बाहेरच्या दिशेने टेबलफॅन लावून सर्वांत लांबची दुसरी खिडकी उघडली, तर तात्पुरता का होईना प्रवाह तयार होतो.

बाष्प जिथे तयार होते तिथेच ते पकडणे

आंघोळीनंतर हवेतल्या वाफेइतकेच फरशी, भिंतीच्या टाइल आणि ओले टॉवेल यांवरचे पाणी महत्त्वाचे असते, कारण ते पुढचे काही तास सुकत राहते. वायपरने टाइल आणि फरशी निपटून घेतली, तर ते पाणी हवेत न जाता मोरीत जाते. मिनिटभराच्या या कामाचा परिणाम माझ्या मापकावर पंख्याइतकाच स्पष्ट दिसला. तासाला सुमारे ९० घनमीटर हवा ओढणारा पंखा १० घनमीटरच्या बाथरूमला कागदावर भरपूर असतो, पण छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो आणि लांब, वळणावळणाच्या नळीमुळे प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो. आंघोळ संपल्यावर पंखा आणखी २० ते ३० मिनिटे चालू ठेवावा आणि दार बंद ठेवावे. पंखा इमारतीच्या सामाईक डक्टमध्ये हवा सोडत असेल, तर त्याला एकाच दिशेने उघडणारी झडप हवी. नाहीतर शेजारच्या घरातली वाफ आपल्याकडे येते.

स्वयंपाकघरात चिमणीची नळी खरोखर बाहेर जाते का, ते पाहावे. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी तेलकटपणा आणि थोडा वास अडवते, पाण्याची वाफ मात्र जशीच्या तशी परत देते. गॅसच्या ज्योतीतूनही पाणी निघते. १ किलो एलपीजी जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. भांड्यावर झाकण ठेवावे आणि पंखा गॅस पेटवण्याबरोबरच सुरू करावा.

घरात वाळत घातलेले कपडे हा बहुतेक वेळा हिशेबाबाहेर राहणारा भाग असतो. यंत्रातून पिळून निघालेल्या ४ किलो कपड्यांत अजून सुमारे २ लिटर पाणी असते आणि ते सगळे हवेतच जाणार असते. कपडे बाहेर वाळवणे शक्य नसेल, तर ते एकाच खोलीत, शक्यतो बाथरूममध्ये, पंखा लावून आणि दार लावून वाळवावेत. दिवाणखान्यात वाळत घातलेले कपडे घरभर ओल पसरवतात.

शयनगृह, कपाट आणि थंड कोपरा

झोपलेला माणूस श्वास आणि त्वचेतून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे दोन माणसे आठ तासांत अर्ध्या लिटरहून अधिक. १२ चौरस मीटरच्या आणि अडीच मीटर उंचीच्या खोलीत ३० घनमीटर हवा असते. ती २० अंश आणि ५० टक्क्यांवर असेल, तर तिच्यात आणखी जेमतेम २६० ग्रॅम बाष्प मावते. उरलेले काच, भिंत आणि गादी यांत जाते. यावर उपाय वाटतो तेवढा मोठा नाही. थंडीत आतल्या-बाहेरच्या हवेतला फरक ५ ग्रॅम असताना तासाला १६ घनमीटर हवा बदलली, म्हणजे खोलीच्या निम्म्या हवेइतकी, तरी दोघांचे बाष्प बाहेर जाते. खिडकीची झडप आणि उघडे ठेवलेले दार यांतून एवढे सहज साधते. तोच फरक २ ग्रॅमवर आला की तासाला ४० घनमीटर लागतात, आणि म्हणूनच कडाक्याच्या थंडीपेक्षा सौम्य, ढगाळ दिवसांत काचा अधिक हट्टीपणे ओल्या राहतात. सकाळी काचेवरचे पाणी फडक्याने टिपून ते फडके घराबाहेर किंवा पंखा चालू असलेल्या बाथरूममध्ये वाळत घालावे. नाहीतर तेच पाणी पुन्हा हवेत येते.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ सेंटीमीटर पुढे ओढावे, त्याच्या वर आणि खाली हवेला जागा ठेवावी. शक्य असेल तर ते आतल्या भिंतीलाच लावावे. कपाटाने भिंत झाकली की खोलीची ऊब तिथे पोहोचत नाही, बाष्प मात्र पोहोचते. याच कारणाने न तापवलेल्या खोलीला ऊब मिळावी म्हणून तिचे दार दिवाणखान्याकडे उघडे ठेवणे चुकीचे ठरते, कारण बाष्प तिथे जाऊन थंड भिंतीवर बसते. अशी खोली थोडी तापवावी, किंवा तिचे दार बंद ठेवून तिला तिच्याच खिडकीतून हवा द्यावी.

बाष्पशोषक यंत्राविषयी थोडक्यात सांगायचे, तर ते दमट उकाड्यात आणि खिडकी उघडणे शक्य नसलेल्या घरात खरेच उपयोगी पडते, पण कॉम्प्रेसरवर चालणारे यंत्र १५ अंशांच्या खाली मंदावते, आणि ते हवा ताजी करत नाही. कपाटात ठेवायच्या क्षाराच्या डब्या कपाटापुरत्याच ठीक. खोलीत रात्रीतून अर्धा लिटर पाणी येत असताना त्यांच्याकडून काय अपेक्षा करणार?

बुरशी काढताना

कोरड्या ब्रशने घासू नये, बीजाणू खोलीभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे आणि जागा पूर्ण वाळू द्यावी. ब्लीच वापरायचे असेल, तर ते व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या कोणत्याही द्रवात मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. बुरशी १ चौरस मीटरहून अधिक जागेत पसरली असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम जाणत्या माणसाकडे द्यावे. रंग त्यानंतर, मापकाचे आकडे महिनाभर ताब्यात राहिल्यावर.

एवढे करूनही तोच कोपरा काळा झाला तर

आर्द्रता सतत ६० च्या खाली आहे, पंख्याला टिश्यू चिकटतो, कपाट पुढे ओढलेले आहे आणि तरीही बुरशी परतली, तर फॉइलची चाचणी पुन्हा करावी, यावेळी मोठा पाऊस पडून गेल्यावर. फॉइलमागची भिंत कोरडी निघाली, तर थंडीच्या पहाटे त्या कोपऱ्याचे आणि खोलीच्या मध्याचे तापमान मोजावे. आमच्याकडे खोलीत १९ अंश असताना तुळईखालचा कोपरा १३ अंशांवर होता. तिथे काँक्रीट थेट बाहेरच्या हवेपर्यंत गेलेले होते. अशा जागी खिडकीचा उपाय संपतो आणि भिंतीवर, शक्यतो बाहेरून, उष्णतारोधक थर देण्याचे काम सुरू होते. ते एकट्या फ्लॅटमालकाच्या हातात क्वचितच असते, म्हणून तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या तारीखवार नोंदी जपून ठेवाव्यात आणि इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांपुढे काळ्या कोपऱ्याच्या छायाचित्रासोबत त्याही ठेवाव्यात.